बेचाळिसावी चिठ्ठी

इनामदार मॅडमनी तिसरा गठ्ठा मोजून खाली ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "लोणार, एक्केचाळीस."

"आणि आमचं?" बळवंतराव आयरेकरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"कोल्हापूर बेचाळीस. ठाणे अठ्ठावन्न. आयरेकर, विचारून आकडे वाढत नाहीत."

हे १९९८च्या डिसेंबरातलं. नगरमधल्या एका शाळेचं सभागृह होतं. टेबलटेनिसच्या टेबलावरची जाळी काढून त्याच्याभोवती आम्ही चौघं उभे होतो. समोर खुर्च्यांवर दीडएकशे माणसं, आणि मागच्या मांडवातून येणारा मसालेभाताचा वास. जेवणं थांबली होती. पुढच्या वर्षीचं संमेलन कुठे भरणार हे कळल्याशिवाय कुणी उठायला तयार नव्हतं.

आम्ही सगळे एका मासिकाचे वाचक. मराठीत विज्ञानकथा छापणारं ते मासिक दहा वर्षांपूर्वी बंद पडलं, पण वाचक बंद पडले नाहीत. दरवर्षी डिसेंबरात दोन दिवस जमायचं, जुन्या कथांवर भांडायचं, नव्या वाचायच्या आणि शेवटच्या दुपारी पुढचं गाव निवडायचं. एरवी परग्रहावरच्या माणसांशीही समजुतीने वागा असं सांगणारी ही मंडळी गाव निवडताना मात्र एकमेकांचं तोंड बघेनाशी व्हायची. मुंबई-पुण्याकडची मतं एकगठ्ठा पडत आणि बाकीचे हात चोळत घरी जात. म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच पसंतीक्रमाने मतदान ठेवलं होतं. चिठ्ठीवर तिन्ही गावांची नावं छापलेली. आवडीप्रमाणे त्यांच्यापुढे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिली मतं मिळाली नाहीत, तर शेवटचं गाव बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे उरलेल्या दोघांत वाटायच्या.

मी ठाण्याचा प्रतिनिधी होतो. श्रीरंग कर्णिक, वय एकतीस. ठाण्याला संमेलन न्यायचं म्हणून आमच्या मोहन प्रधानकाकांनी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. वातानुकूलित सभागृह, स्टेशनपासून पाच मिनिटं, उतरायला तीन हॉटेलं. मी त्याचा रंगीत नकाशा काढून प्रत्येकाच्या हातात दिला होता. आयरेकर कोल्हापूरचे. त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि संमेलनाला येणाऱ्या प्रत्येकाला दोन दिवस तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घालण्याचं वचन ते आदल्या दिवसापासून देत फिरत होते.

तिसरे होते प्रल्हाद सानप. लोणारजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, अंगाने बारीक, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. सकाळी सगळ्यांनी आपापल्या गावाची बाजू मांडली, तेव्हा ते दोन मिनिटंही बोलले नाहीत. "आमच्याकडे सभागृह नाही जी," ते म्हणाले. "शाळेच्या वर्गात झोपावं लागेल. गाड्याही बदलाव्या लागतील. पण आपण जे इतकी वर्षं गोष्टींत वाचतो, आभाळातून काहीतरी येतं आणि पृथ्वीवर आदळतं, ते आमच्याकडे एकदा खरंच झालेलं आहे. बघायला या." आणि खाली बसले. प्रधानकाका माझ्या कानाशी म्हणाले, "हा गडी बाद."

तसंच झालं. लोणार एका मताने शेवटचं. मॅडमनी त्या एक्केचाळीस चिठ्ठ्या घेतल्या आणि एकेकीवरचा दोनाचा आकडा वाचून वाटायला लागल्या. विदर्भाकडच्या बऱ्याच लोकांना ठाणं सोयीचं होतं, एका गाडीत येता येतं. चोवीस चिठ्ठ्या आमच्याकडे आल्या, सतरा कोल्हापूरकडे. ठाणे ब्याऐंशी, कोल्हापूर एकोणसाठ.

प्रधानकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पहिल्या रांगेतले आमचे लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्या मागे, खांबाजवळच्या खुर्चीवर माझी आई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मी तिच्याकडे बघून हसलो. तीही हसली.

संमेलनात तिला सगळे 'श्रीरंगची आई' म्हणायचे. ती माझ्यासोबत येते, तिखटमिठाच्या पुऱ्या आणते, असंच सगळ्यांच्या मनात. खरं तर त्या मासिकाची वर्गणी तिच्या नावाने होती. ठाण्याच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी लिहून ती घरी यायची, कुकर लावायची, आणि शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्याने मासिक वाचायची. मी सहावीत असताना तिच्या हातातून ते ओढून घेतलं तेव्हापासून मी वाचक. आमच्या वाचक मंडळाच्या यादीत तिचा क्रमांक अकरावा होता, माझा एकशे चारावा. पण चर्चेत ती कधी बोलायची नाही, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात नव्हतं. माझ्याही फारसं नव्हतं.

टाळ्या थांबल्या त्या आयरेकरांच्या आवाजाने.

"मॅडम, तुमच्यावर शंका न्हाई. पण एकदा परत मोजूया की. आमची माणसं मी सकाळी नावानिशी मोजलीत. लोणारवाल्यांतली निम्मी तर मला रस्सा नक्की म्हणाली होती."

"रस्सा नक्की म्हणणं आणि दुसरं मत देणं यात फरक असतो," मॅडम म्हणाल्या. "पण फेरमोजणी मागायचा तुम्हाला हक्क आहे. यावेळी मी हात लावणार नाही. तुम्ही तिघं मोजा, मी बघते."

साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि टेबलाच्या टोकाशी त्या अशा उभ्या राहिल्या की आम्ही तिघंही विद्यार्थ्यांसारखे मुकाट कामाला लागलो. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा पहिल्या पसंतीप्रमाणे लावल्या. एकाने दुसऱ्याचा गठ्ठा मोजायचा असं ठरलं. कोल्हापूरचा गठ्ठा माझ्याकडे आला.

एकोणतिसावी चिठ्ठी मी उचलली आणि थांबलो.

ठाण्यापुढे स्वच्छ तीन होता. कोल्हापूर आणि लोणार या दोन्हींपुढे मात्र आकड्यावर आकडा गिरवलेला. कुणीतरी एकाचा दोन केला होता आणि दोनाचा एक. किंवा उलट. पहिल्या मोजणीत कोल्हापूरपुढचा आकडा एक आहे असं समजून ती चिठ्ठी त्या गठ्ठ्यात गेली होती.

मी ती टेबलाच्या मध्यावर ठेवली.

नियम असा होता की चिठ्ठी अस्पष्ट असेल तर तिन्ही प्रतिनिधींनी बघायची आणि दोघांना जे दिसेल ते धरायचं. आयरेकरांनी ती हातात घेतली, डोळ्यांपासून लांब नेली, जवळ आणली. "कोल्हापूर," ते म्हणाले. "एक हाय तो. गिचमिड हाय, पण एकच."

सानपांनी ती हातातही घेतली नाही. टेबलावर वाकून पाहिली. बराच वेळ पाहिली. "मला लोणारपुढे एक दिसतो," ते हळू म्हणाले. "पण मला तो दिसावा असं वाटतंय जी. माझं धरू नका."

"धरणार," मॅडम म्हणाल्या. "तुमचं काम दिसतं ते सांगायचं. वाटतं त्याचा हिशोब मी करीन. कर्णिक, तुम्ही."

तोपर्यंत सभागृहात कुजबुज चालू होती, ती थांबली. टेबलावर काय चाललंय ते मागच्या लोकांना कळलं नव्हतं, पण एका कागदाभोवती चार माणसं जमली आहेत एवढं दिसत होतं.

मला मात्र गणित कळलं होतं. आयरेकरांना ते अजून कळलं नव्हतं. ही चिठ्ठी कोल्हापूरची असेल तर सगळं जसंच्या तसं, म्हणजे ठाणे. लोणारची असेल तर लोणार बेचाळीस आणि कोल्हापूर एक्केचाळीस. मग बाद होणार कोल्हापूर, वाटल्या जाणार कोल्हापूरच्या चिठ्ठ्या, आणि कोल्हापूरकर ठाण्याला दुसरं मत देतील हे या जगात शक्य नव्हतं. सर्वांत तळाच्या दोघांमधला एक कागद इकडून तिकडे गेला, की वरचा अठ्ठावन्न चिठ्ठ्यांचा डोंगर कोसळणार होता. आयुष्यभर मी गोष्टींत वाचत आलो होतो, भूतकाळात जाऊन एक किडा चिरडला आणि सगळा इतिहास बदलला, वगैरे. ते सगळं कागदावरचं. इथे ते टेबलावर पडलं होतं, तळहाताएवढं.

मागून प्रधानकाकांचा आवाज आला. "कोल्हापूरच आहे. इथून दिसतंय."

"प्रधान, तुम्ही प्रतिनिधी नाही," मॅडम म्हणाल्या.

मी चिठ्ठी उचलून खिडकीशी गेलो. उजेडाकडे धरली. शाई कुठे दोनदा बसली आहे ते पाहिलं. मग नुसतीच धरून उभा राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आयरेकर नंतर म्हणायचे, पाच मिनिटं. तेवढी नसतील.

परत आलो आणि म्हणालो, "लोणार."

"नक्की?"

"नक्की. कोल्हापूरपुढे आधी एक होता, त्याला खाली पाय जोडून दोन केलाय. लोणारपुढचा एक नंतरचा आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही गणित येत होतं. त्यांनी ती चिठ्ठी लोणारच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि पेनने आकडा लिहिला. बेचाळीस.

मग कोल्हापूरच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. मी स्वतः वाटल्या. लोणार, लोणार, लोणार, ठाणे, लोणार. तेहेतीस तिकडे, आठ इकडे. लोणार पंच्याहत्तर, ठाणे सहासष्ट.

सानप खाली बसले. खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसले.

यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणणं कमी होईल. प्रधानकाका टेबलाशी आले, त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "अठ्ठावन्न लोकांनी ठाणं पहिलं लिहिलं. बेचाळिसांनी लोणार. आणि लोणार जिंकलं? हा कुठला न्याय?"

आयरेकरांना आता सगळं कळलं होतं. "आन मी फेरमोजणी मागितली म्हणून मीच तिसरा?"

"होय," मॅडम म्हणाल्या.

आयरेकर पोट धरून हसायला लागले. त्या हसण्याने अर्धी सभा निवळली. प्रधानकाका निवळले नाहीत. त्यांनी निवडणूक रद्द करा म्हटलं, जुन्या पद्धतीने हात वर करून मतदान घ्या म्हटलं. आमच्या रांगेतले लोक उभे राहिले.

मॅडमनी आवाज चढवला नाही. "प्रधान, अठ्ठावन्न लोकांना ठाणं सगळ्यात आवडतं, हे खरं आहे. पण त्र्याऐंशी लोकांना ते सगळ्यात आवडत नाही, हेही तितकंच खरं. त्या त्र्याऐंशींना या चिठ्ठ्यांनी विचारलं, की ठाणे आणि लोणार या दोघांतलंच एक घ्यायचं तर कुठलं? आठ जण ठाणे म्हणाले, पंच्याहत्तर जण लोणार. सभागृह नसलेल्या गावाला जायला इतके लोक तयार आहेत, हे सकाळी तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं."

मी त्या गठ्ठ्यांकडे पाहत होतो. पंच्याहत्तर माणसं. गाड्या बदलत, वर्गाच्या फरशीवर झोपत, एक खड्डा बघायला निघालेली. आणि शेजारच्याला पत्ता नाही की आपल्यासारखाच तोही निघालाय.

प्रधानकाका माझ्याकडे वळले. "तू कोल्हापूर म्हणाला असतास तर कुणी काही म्हणणार होतं?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

मी टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करायला लागलो. पुढे चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती. उरलेल्या पुऱ्या तिने कागदात बांधून माझ्या हातात दिल्या.

"वाईट वाटलं का रे?" तिने विचारलं.

"थोडं."

"नकाशा छान काढला होतास." मग ती बाहेर बघत राहिली. नगरच्या पुढे माळरान लागलं, त्याच्यावरचं ऊन उतरत चाललं होतं. मी तिच्या हातांकडे बघत होतो. पिशवीच्या बंदावर एकावर एक ठेवलेले, शाईच्या डागांची सवय असलेले.

खिडकीशी ती चिठ्ठी धरली, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं होतं की ही माझीच. एकाच्या आकड्याची वरची गाठ आतून पूर्ण मिटलेली, वालाच्या दाण्यासारखी, आणि शेपूट जरासं उजवीकडे झुकलेलं. मी एक असाच काढतो. पण माझ्या चिठ्ठीवर ठाण्यापुढे एक होता. मग लक्षात आलं, की असा एक काढायला मला कुणी शिकवलं. पाटीवर, बोट धरून. नगरपालिकेच्या वह्यांत हजारो मुलांच्या जन्मतारखा त्याच एकाने लिहिलेल्या होत्या. ते अक्षर ओळखायला मला उजेडाची गरज नव्हती. मी खिडकीत उभा होतो तो दुसऱ्याच कारणाने. ज्या बाईला मी जन्मापासून ओळखतो, तिने माझ्या गावापुढे, माझ्या वर्षभराच्या खटपटीपुढे तीन लिहिला होता. आधी कोल्हापूरपुढे एक लिहून, मग थांबून, त्याचा दोन करून, लोणारपुढे एक. आणि मला याची कल्पनाही नव्हती.

मतदान गुप्त होतं. मी प्रधानकाकांना सांगितलं नाही, मॅडमना सांगितलं नाही, आणि आईला तर नाहीच.

पुढच्या डिसेंबरात आम्ही लोणारला गेलो. ठाण्याचेही बरेच आले, प्रधानकाकासुद्धा, कपाळाला आठ्या घालून. शाळेच्या वर्गांत सतरंज्या घातल्या होत्या. सकाळी सात वाजता सानप सगळ्यांना घेऊन निघाले. गावाबाहेर जमीन अगदी सपाट होती, कुठे काही असेल असं वाटेना. कुणीतरी मागून म्हणालं, "आहे कुठे?"

आणि जमीन संपली.

पायाखाली एक प्रचंड वाटी होती. पलीकडचा काठ इतका दूर, की तिथली झाडं गवतासारखी दिसत होती. तळाशी हिरवट पाणी, त्याच्यावर धुक्याचा पातळ थर, आणि कडेच्या रानात बुडालेली देवळांची शिखरं. ती वाटी गोल होती. नदीने खोदलेली, वाऱ्याने घासलेली कुठलीच गोष्ट इतकी गोल नसते. एक क्षणभराचा आघात, आणि त्यानंतरची हजारो वर्षं, दोन्ही एकदम दिसत होती. दीडशे बोलकी माणसं काठावर उभी होती आणि खालच्या रानातल्या मोराचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आयरेकरांच्या गळ्यात कॅमेरा होता, तो त्यांनी उचललाच नाही. प्रधानकाकांनी टोपी काढून हातात घेतली होती.

आई माझ्यापासून चार पावलांवर होती. चौसष्ट वर्षांची, स्वेटरवर पदर घट्ट लपेटून. मी जवळ गेलो.

"सातवीत होते," ती समोर बघतच म्हणाली. "भूगोलाच्या बाईंनी एक वाक्य सांगितलं होतं याच्याबद्दल. एकच वाक्य. मी विचारलं, बघायला जाता येतं का? वर्गातल्या सगळ्या हसल्या."

"कधी बोलली नाहीस."

"कधी निघायचं होतं? सुट्टी लागली की गावाला, नाहीतर देवाला. तुझे बाबा म्हणाले असते, खड्डा काय बघायचा." तिने पलीकडच्या काठाकडे बोट केलं. "मला वाटलं होतं, बघून झालं की संपेल. हे तर संपतच नाही रे."

आम्ही तसेच उभे राहिलो. ऊन पलीकडच्या काठावरून हळूहळू खाली सरकत होतं, अजून पाण्याला लागलं नव्हतं.

"श्रीरंग," ती म्हणाली, "गेल्या वर्षी मी ठाण्याला मत दिलं नव्हतं, बरं का. वर्षभर मनात होतं, तुला सांगावं."

मी शक्य तितक्या सरळ आवाजात विचारलं, "मग कुणाला दिलंस?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

"ते गुप्त असतं," ती म्हणाली, आणि पदर खोचून खाली जाणाऱ्या पायवाटेला लागली.